साठ दिवसांचं कुलूप

तळेऱ्याच्या नाक्यावर, जिथून देवगड-विजयदुर्गाकडे रस्ता फुटतो, तिथे औषधांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर एक पाटी आहे : ‘धंद्यासाठी नाव शोधून मिळेल’. नऊ जानेवारीला, गुरुवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमारास विनीत रावराणे ती पाटी वाचत उभा होता. खाली पंक्चरवाल्याने त्याच्या मोटरसायकलचं मागचं चाक काढून टबात बुडवलं होतं आणि अर्धा तास कुठेतरी घालवायचा होता. चाक दोन किलोमीटर पुढे जाऊन बसलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तो जिना चढून दारात आला. हेल्मेट बगलेत, बुटांवर लाल धूळ. आत एक टेबल, एक लॅपटॉप, दोन खुर्च्या आणि खिडकीशी बसलेली एक मुलगी.

“मॅडम, पत्रिका लागते का?”

“कसली पत्रिका?”

“नाव काढायला. माझी जन्मवेळ माहीत आहे. धंद्याची नाही.”

चारुता तावडेने मान वर केली. ती हसणार नव्हती… पण हसली. हसल्यावर तिच्या लक्षात आलं की आज हे आपलं पहिलंच बोलणं. काल दिवसभरात ती खालच्या सीताकाकींना ‘एक चहा’ म्हणाली होती, तेवढंच. आई धाकट्या बहिणीकडे पुण्याला राहायला गेल्यापासून घरी बोलायला भिंती होत्या.

“मी इंटरनेटवरची नावं बघते,” ती म्हणाली. “वेबसाइटचा पत्ता. डोमेन म्हणतात त्याला. एक नाव अख्ख्या जगात एकालाच मिळतं. आधी नोंदवेल त्याचं.”

“आणि मग कायमचं?”

“नाही. वर्षावर्षाच्या बोलीने. पैसे भरायला विसरलात की थोडे दिवस वाट बघतात. मग नाव सुटतं. दुसरं कोणीतरी उचलतं.”

“कडक आहे की. माणसं बरी मग.”

“माणसांचं वेगळं काय असतं?” ती म्हणाली, आणि लगेच लॅपटॉपकडे वळली.

विनीतचं गाव वैभववाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. वडिलांची काजूची बाग. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरची नोकरी सोडून त्याने घराशेजारी काजूगर काढायचा छोटा कारखाना टाकला होता. आठ बायका कामाला होत्या. आजवर माल पोत्यांनी व्यापाऱ्याकडे जायचा आणि व्यापाऱ्याच्या नावाने विकला जायचा. आता त्याला स्वतःचं पाकीट हवं होतं आणि पाकिटावर स्वतःचं नाव.

पंक्चर केव्हाच निघालं. तो उठला नाही. तो एकेक नाव सांगायचा, ती टाइप करायची.

“गेलंय.”

“हे?”

“हेही गेलंय. चेन्नईत कोणीतरी घेऊन ठेवलंय. विकायला.”

“चेन्नईत काजू कशाला लागतात त्यांना?”

“काजू नकोत. तुम्ही हवे आहात. कधीतरी तुम्ही मागाल म्हणून बसलेत.”

सतरा नावं झाली. अठरावं सांगण्याआधी तो थांबला. बागेच्या वरच्या कोपऱ्यात एक दगड होता. मोसमाची पहिली बी त्याच्यापुढे ठेवायची. आजोबा सांगायचे, आपण नुसते राबणारे, जागेचा धनी तो. “राखणदार,” विनीत म्हणाला. “राखणदार डॉट इन. बघा तरी.”

तिने टाइप केलं. पडद्यावर हिरवी खूण आली. दोघंही काही क्षण तिच्याकडे बघत राहिले.

“आता परीक्षा,” चारुता म्हणाली. “गॅलरीत चला. खाली चहावाल्या सीताकाकी आहेत. त्यांना ओरडून नाव सांगायचं. एकदाच. त्यांनी बरोबर परत म्हटलं तर नाव चांगलं. फोनवर गिऱ्हाइकालाही कळेल.”

“सगळ्यांना ओरडायला लावता?”

“सगळ्यांना.”

विनीत कठड्यावर वाकला. “काकी! राखणदार डॉट इन!”

सीताकाकी कढईतला झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. “राखणदार डॉट इन? खंयचो रे राखणदार? चोर इलो काय हंय?”

एसटीची वाट बघणारे दहाबारा जण वर बघून हसले.

“पास,” चारुता म्हणाली. “नोंदवू?”

“नको.” त्याने घाईघाईने हात पुढे केला. “देवाचं नाव आहे, मॅडम. आधी कौल घ्यायला हवा. सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालतो, मग सांगतो.”

“सोमवारला चार दिवस आहेत.”

“देव काय पळून जातोय?”

“देव नाही. नाव जाईल.”

“न विचारता घेतलं तर ते चोरल्यासारखं होतं,” तो म्हणाला. हेल्मेट घालून दारातून वळून पुन्हा एकदा बघितलं… आणि गेला. गाडीचा आवाज नाक्याच्या गोंगाटात मिसळेपर्यंत ती गॅलरीत उभी होती.

गिऱ्हाइकाने शोधलेलं नाव स्वतःच्या नावावर घ्यायचं नाही, हा चारुताचा पहिला नियम. या धंद्यात असं करणारे पुष्कळ असतात आणि त्यांना कोणी चांगलं म्हणत नाही. पण ते नाव भर नाक्यावर तिनेच ओरडायला लावलं होतं. दहाबारा जणांनी ऐकलं होतं. त्यातल्या एकाच्या हातात फोन होता. तिने चारपर्यंत स्वतःला आवरलं. सव्वाचारला ते नाव नोंदवलं. मालक : चारुता तावडे.

त्याचं कारण सहा वर्षं जुनं होतं. तेव्हा तिने आणि ज्याच्याशी ती लग्न करणार होती त्या गुरुप्रसादने देवगडच्या खाडीवर पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायचं ठरवलं होतं. खोल्यांच्या आधी नाव घेतलं : खाडीकाठ डॉट कॉम. नोंदणी गुरुप्रसादच्या मेलवर होती. तो मस्कतला गेला, आधी फोन कमी झाले, मग त्याच्या लग्नाची बातमी तिसऱ्याकडून आली. नावाचे पैसे भरायची आठवण त्याच्या मेलवर येत राहिली आणि त्याने ती कधी उघडलीच नाही. चारुताने बघितलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. आता त्या पत्त्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसते. ते नाव परत मिळवायच्या खटपटीत ती हा धंदा शिकली. नाव मिळालं नाही, धंदा मिळाला.

रोज सकाळी ती त्या दिवशी सुटणाऱ्या नावांची यादी वाचते. लोक वर्तमानपत्रात निधनवार्ता वाचतात तशी. सांगलीची बेकरी. नगरचे शिकवणी वर्ग. दोन नावं जोडून केलेली एक लग्नाची साइट. प्रत्येक नावामागे कोणीतरी एकदा उत्साहाने पैसे भरलेले असतात. कधीकधी यादी संपल्यावर ती खाडीकाठ उघडून बघते. जुगार चालूच असतो.

सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मागे घंटा, माणसांचा कल्ला.

“मॅडम, नाव गेला!” ऑफिसातली मराठी कुठल्या कुठे पळाली होती. “गणपतकाकांनी गाऱ्हाणा घातल्यानी, अख्खो गाव ‘होय म्हाराजा’ म्हणालो, उजवो कौल पडलो! आणि आमच्या वाडीतल्या नम्रतान थंयच फोनार बघल्यान, तर नाव घेतलेला! गाव माझ्या तोंडाकडे बघता. देवान दिला ता न्हेला कोणी?”

“मी,” चारुता म्हणाली.

पलीकडे फक्त घंटा ऐकू आली.

“गुरुवारीच घेतलं. तुमच्यासाठी. डावा कौल पडला असता तर सोडून दिलं असतं.”

तो हसायला लागला. बराच वेळ हसत होता आणि मध्येच कोणालातरी ओरडून सांगत होता, “गावला! मॅडमकडे आसा!” मग श्वास घेत म्हणाला, “राखणदाराचीच राखण केलास तुमी. मगे माझ्या नावावर कधी करतास?”

तिच्यापुढे लॅपटॉप उघडा होता. दोन मिनिटांचं काम. तिची नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. गुरुवारपासून ती तशीच, दाराकडे थोडी तिरकी राहिली होती.

“नव्या नावाला साठ दिवसांचं कुलूप असतं,” ती म्हणाली. “तोवर हलवता येत नाही. दहा मार्च उजाडेल. पण साइट बनवायला घेऊ. दर गुरुवारी या.”

कुलूप खरं होतं. नाव एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर साठ दिवस थांबावंच लागतं. त्याच कंपनीत, एका माणसाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायला कोणी अडवत नाही. हे दुसरं वाक्य चारुताने सांगितलं नाही.

गुरुवार येऊ लागले.

सोळा जानेवारीला त्याने बागेचे फोटो आणले. सगळे तिरके, एकात स्वतःचा अंगठा. तेवीसला काजूच्या मोहोराची एक डहाळी आणली, “वास फोटोत येणा नाय म्हणान.” तीस जानेवारीला पानात बांधलेला सुरंगीच्या फुलांचा गजरा, वळेसर, टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

“हे काय?”

“आवशीन दिल्यान.”

“तुमची आई मला ओळखते?”

“ओळखता म्हणजे…” तो कानामागे खाजवू लागला. “माझ्या तोंडात तुझा नाव येता ना.”

‘मॅडम’ची ‘तू’ झाली होती. कोणी दुरुस्त केलं नाही. सुरंगीचा वास शनिवारपर्यंत खोलीत होता. वळेसर सुकला तरी चारुताने तो टाकला नाही. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवला.

“तू मालवणी कित्याक बोलणस नाय गो?” एकदा त्याने विचारलं. “तळेऱ्याचा चेडू आणि माझ्याकडे बोलता मास्तरणीसारखा.”

“सवय गेली.”

“सवय जाता खंय?”

 वडील गेल्यावर ती भाषा ती गुरुप्रसादशीच बोलायची. मग ती भाषा बोलायला माणूसच उरलं नाही.

खाली सीताकाकींनी पहारा चालवला होता. “काजूवालो इलो गो! आज इस्त्रीचो शर्ट!” त्या जिन्याखालून ओरडायच्या. “चाय एक पाठवू काय दोन? एक म्हणशीत तर मी खपवून घेवचंय नाय!”

पण गुरुवार आठवड्यातून एकच. उरलेले सहा दिवस पूर्वीपेक्षा लांबले होते. आधी तिला एकटेपणाची सवय होती, आता त्याला वेळापत्रक आलं होतं. शुक्रवारी ती दुसरी खुर्ची भिंतीला लावायची, बुधवारी पुन्हा टेबलाशी आणायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहा मार्चला तिने बारीक टिंब केलं होतं. त्या दिवशी खोटं बोलायची गरज संपणार होती. आणि अकरा तारखेला कोण कशाला येईल?

वीस फेब्रुवारीला तो रिकाम्या हाताने आला. शर्टाला इस्त्री नव्हती.

दोडामार्गच्या एका व्यापाऱ्याची गोव्यात अकरा दुकानं होती. त्याला विनीतचा काजू आवडला होता. सगळ्या मोसमाचा माल उचलायला तयार होता. फक्त पाकिटावरचं नाव विनीतच्याच मालकीचं आहे, याचा कागद त्याला हवा होता. पंचवीस तारखेच्या आत. नाहीतर तो दुसरा माल बघणार होता.

“मी तेका सांगलंय, कुलूप आसा, धा मार्चापर्यंत थांब. तो थांबणा नाय.” विनीत टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. “बायकांका मी जूनपर्यंत काम देतंय म्हणान सांगून बसलंय. आता पोत्यांनीच विकूक व्हया. मे म्हयन्यात काम बंद.” मग त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज मऊ झाला. “तू कित्याक तोंड पाडतंस? नियमाक तू काय करतलंस? पुढल्या वर्षी बघूया.”

तो तिचीच समजूत घालत होता. चारुताला ते सोसवलं नाही.

“विनीत, कुलूप नाही.”

“म्हणजे?”

“आहे. पण तुझ्या कामाला नाही. तुझ्या नावावर करायला दोन मिनिटं लागतात. त्या सोमवारी तू देवळातून फोन केलास तेव्हाही दोनच लागली असती.”

नाक्यावर देवगडची एसटी लागली. कंडक्टरने ओरडून गावांची नावं घेतली. एसटी सुटली.

“मगे तसा सांगलंस कित्याक?”

तिच्याकडे कारणं पुष्कळ होती. एकच खरं होतं.

“गुरुवारसाठी,” ती म्हणाली.

तिने लॅपटॉप ओढला, त्याचा मेल घातला. त्याच्या फोनवर आकडे आले, ते त्याने कोरड्या आवाजात वाचून दाखवले. दोन मिनिटं दहा सेकंद. छापलेला कागद तिने त्याच्यापुढे ठेवला. मालक : विनीत रावराणे. त्याने कागदाची चौपदरी घडी केली, खिशात ठेवली, उठला.

“नोंदणीचे किती झाले, मॅडम?” तो म्हणाला. “पावती द्या.”

ऑफिसातली मराठी परत आली होती. तिने पावती लिहिली. अक्षर नीट यावं म्हणून ती हळू लिहीत होती.

सत्तावीसच्या गुरुवारी तो आला नाही. खाली सीताकाकींनी अकरा वाजता रस्त्याकडे बघितलं, साडेअकराला बघितलं, मग न विचारता एकच चहा वर पाठवला. सहा मार्चलाही तसंच. चारुता सकाळी सुटणाऱ्या नावांची यादी वाचायची आणि मग राखणदार डॉट इन उघडायची. एके दिवशी तिथे नवी ओळ दिसली : ‘आता गोव्यात अकरा ठिकाणी’. म्हणजे माल गेला, बायकांचं काम राहिलं. तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तिने लॅपटॉप मिटून दुपारीच ऑफिस बंद केलं. खाडीकाठ मात्र तिने त्या महिन्यात एकदाही उघडून बघितलं नाही. बघायचं राहिलं, हे तिच्या खूप उशिरा लक्षात आलं.

दहा मार्च आला, टिंबावरून सरकला आणि गेला.

अकरा मार्चला, मंगळवारी, पावणेअकरा वाजता जिन्यावर बूट वाजले. तिने मान वर केली नाही. औषधाच्या दुकानात येणारे लोक चुकून वर यायचे. बूट दारात थांबले.

“काल हो मेल इलो,” विनीतने फोन पुढे धरला. “कुलूप निघाला म्हणता.”

“आज मंगळवार आहे.”

“म्हायत आसा.”

“काही काम होतं?”

“काय नाय.” तो खुर्ची ओढून बसला. खुर्ची भिंतीशी होती, तिथून आणावी लागली. “साठ दिवस मी कामाक येय होतंय. आज एकसष्टावो. कामाशिवाय येवक जमता काय, ता बघूक इलंय.”

 तिची बोटं टेबलाखाली एकमेकांत अडकली होती.

“माका राग इलो होतो,” तो म्हणाला. “लय राग. आठ घरांचा काम होता ता. खेळ न्हय.”

“हो. चुकलंच माझं.”

“दोन गुरुवार मी गाडी भायर काढलंय आणि परत आत लावलंय. आवस म्हणाली, पेट्रोल तरी वाचता.” तो हसला नाही, पण डोळ्यांच्या कडा हलल्या. “मगे माझ्या मनात इला, तू सांगला नसतंस तर माका कोण सांगणार होता? माका आयुष्यात कळला नसता. दर गुरुवारी मी तसोच येत रवलो असतंय. तुका तर ताच व्हया होता. तरी सांगलंस.”

त्याने खिशातून पुडी काढली. पुडीतले दोन काजूगर घेतले आणि मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवले. एक या कडेला, एक त्या कडेला, कौल लावताना देवाच्या दोन्ही अंगांना कळे लावतात तसे. मधलं अंतर त्याने बोटाने मोजून सारखं केलं.

“देवळात जातलंय होतंय. मगे म्हटलंय, ह्या देवाक कित्याक विचारूचा? जेचा उत्तर तेकाच विचारूया.” त्याने घसा साफ केला. “उजवो… तर शिमग्याक आमच्या घराकडे येवचा. आवस वाट बघता. डावो, तर मी चाय पितंय आणि जातंय. राग नाय.”

चारुता त्या दोन काजूंकडे बघत राहिली. पिशवीतल्या सुकलेल्या सुरंगीचा पुसट वास येत होता, की तिला तसा भास झाला.  ते शब्द फार दिवस तिच्या तोंडात आले नव्हते.

“उजवो खंयचो?” तिने विचारलं. “तुझो काय माझो?”

विनीत तिच्याकडे बघतच राहिला. तिने काय विचारलं, यापेक्षा कसं विचारलं तेच त्याला आधी ऐकू आलं होतं.

“देवाचो उजवो,” तो सावकाश म्हणाला. “म्हणजे… तुझो.”

तिने हात पुढे केला. उजवीकडचा काजू उचलला, तोंडात टाकला.

खालून सीताकाकींची हाक आली, “चाय दोन ना गो?” कोणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच मोठ्याने सांगून टाकलं, “दोन!”

“शिमगो कधी आसा?” चारुताने विचारलं. कॅलेंडर तिच्या समोरच होतं.

“गुरुवारी,” तो म्हणाला.